उंबरठ्यावरचं गंगाळ

माझ्या वडिलांना म्हातारपणी पाय धुण्याचा आजार जडला. डॉक्टर त्याला असं म्हणत नव्हते. त्यांच्या लेखी तो विसरण्याचा आजार होता. पण घरातल्या माणसाला आजाराचं जे रूप रोज दिसतं, तेच त्याचं नाव होऊन बसतं.

मी परिचारिका आहे. आमगावकडच्या एका सरकारी दवाखान्यात नोकरी, राहायला कुडव्याला. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. माय वारल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. सकाळी गाडी काढून निघायचं, दिवसभर लोकांच्या जखमा धुवायच्या, मग आपले हात धुवायचे, पुन्हा जखमा, पुन्हा हात. आणि संध्याकाळी दमून घरी यावं तर बाबा मोरीत उभे, नळ चालू, लुंगी गुडघ्यापर्यंत भिजलेली.

बाबा पाळक होते. मोठ्या चर्चचे नव्हेत. आमच्याकडे ख्रिस्ती घरं थोडी, तीही विखुरलेली. एक इकडे आमगावला, दुसरं पार इटियाडोहच्या कालव्याच्या कडेला, तिसरं जंगलपट्टीत. रविवारची उपासना झाली की आठवडाभर बाबा आधी सायकलवर आणि नंतर मोपेडवर या घरांना भेटी देत फिरायचे. मागच्या कॅरिअरला एक सागवानी पेटी बांधलेली असायची. त्या पेटीत निवासमंडप होता. बायबलातल्या मोशेच्या काळी रानातून चाललेल्या लोकांनी देवासाठी जो तंबू उभारला, त्याची बाबांनी स्वतःच्या हातानं केलेली छोटी नक्कल. लाकडी फळ्या, जुन्या पातळाचे पडदे, पत्र्याची होमवेदी, मेजावर सुपारीएवढ्या कणकेच्या वाळवलेल्या भाकरी, तांब्याच्या तारेचा दीपवृक्ष.

कुणाच्या अंगणात पेटी उघडली की शेजारपाजारचे लोकही यायचे. ते ख्रिस्ती नसायचे, पण तंबू बघायला कुणाला आवडत नाही? बाबा काडीनं दाखवत जायचे.

"हे आंगण. आंगणात शिरल्यावर पयले काय लागते? होमवेदी. तिथं बळी. मंग? एकदम आत जाचं का? नाई. मधात हे गंगाळ. याजकानं इथं हात धुवाचे, पाय धुवाचे, मंगच आत. न धुता गेला तं मेला."

"मेला?" कुणीतरी बाई विचारायचीच.

"मेला. देवाच्या घरी चिखलाचे पाय घेऊन कोण जाते माय? तू तरी येऊ देशील का कोनाले तुया रांधणीत?"

बायका हसायच्या, कारण दारात पाय धुवायला पाण्याचा गुंड प्रत्येकीच्या घरी होताच.

गंगाळ हा बाबांचा आवडता भाग. एक तर आमच्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, शब्दच तो वापरलेला, घरातल्या आंघोळीच्या भांड्याचा. दुसरं म्हणजे तंबूतल्या बाकीच्या सामानाची लांबी-रुंदी नाही तर वजन तरी दिलेलं आहे, गंगाळाचं काहीच दिलेलं नाही. बाबा म्हणायचे, "काऊन नाई देल्लं? काऊन की धुण्याले माप नसते. जितका मळ तितकं पाणी." आणि तिसरी गोष्ट, ते गंगाळ तंबूच्या दाराशी सेवा करणाऱ्या बायांनी दिलेल्या आरशांचं केलेलं होतं. त्या काळी आरसे धातूचे असत. बायांनी आपले आरसे दिले आणि त्यांचं भांडं झालं.

आपल्या नकलेतही आरसा हवाच, असा बाबांचा हट्ट. मायकडे एकच आरसा होता, खिडकीत ठेवायचा, हातभर लांबही नव्हता. बाबांनी तो मागितला. माय तेव्हा तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, आरसा काढून दिला आणि म्हणाली, "घेऊन जा जी. तवाही बायांनीच देल्ले, आताही बाईच देऊन रायली. तुमच्या माणसांनी काय देल्लं थ्या मंडपाले?"

बाबा आरसा घेऊन पेटीकडे वळले. पुढे कित्येक वर्षं माय पाण्याच्या बादलीत बघून भांग पाडायची. आरसा आणायला बाजारात काय तोटा होता? पण तिनं आणला नाही, आणि बाबांच्या ते लक्षातही आलं नाही. मी लहान होते तरी माझ्या आलं होतं.

आजाराची सुरुवात झाली तेव्हा बाबा नावं विसरायला लागले, मग वार, मग जेवलो की नाही ते. माय गेलेली हेही विसरले आणि पुन्हा पुन्हा विचारायचे. मी सुरुवातीला खरं सांगायचे, नंतर "येते" म्हणायला लागले. हे सगळं मी दवाखान्यात पाहिलेलं होतं, त्यामुळे धक्का बसला नाही. थकवा मात्र पाहिलेला नसतो, तो अंगावरच यावा लागतो.

एका उन्हाळ्यात बाबांनी मायचं पितळी गंगाळ माळ्यावरून कसं कोण जाणे खाली काढलं आणि आपल्या खोलीच्या उंबरठ्याशी मांडलं. त्यात पाणी भरलं. खोलीत शिरताना हात-पाय धुवायचे. बाहेर यायचं. पुन्हा शिरताना पुन्हा धुवायचे. चष्मा आत राहिला की बाहेर, बाहेर राहिला की आत, प्रत्येक वेळी पाणी. मला म्हणायचे, "धुतले का वो? तशीच चाल्ली का?" मीही धुवायचे. खोलीत गोळ्या द्यायला जाताना, ताट न्यायला जाताना, गादीवरची चादर बदलायला जाताना. फरशी कायम ओली. गच्चीवरची टाकी दुपारपर्यंत रिकामी.

शेजारच्या भाभीचं घराच्या पुढच्या खोलीत छोटं दुकान आहे, बिस्किटं, साबण, पाण्याच्या बाटल्या. तिचा नवरा राईस मिलमध्ये कामाला. मी ड्यूटीवर गेले की तीच अधूनमधून येऊन बाबांना बघायची. एका संध्याकाळी ती दारातच म्हणाली, "दीदी, बाबूजी ने फिर टंकी खाली कर दी. मैंने बोला, बस करो. तो मुझको बोले, तू भी पैर धो."

"मग?"

"धोए ना! क्या करती? हमारे यहाँ भी तो बाहर से आके पाँव धोते हैं." मग ओल्या फरशीकडे बघून ती म्हणाली, "मगर इतना नहीं धोते."

हळूहळू बाबांचे पाय बिघडले. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून बायांना होतात तशा चिखल्या झाल्या. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडल्या, मग चिरल्या. त्यात शुगर. मी त्यांना आमच्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण आहेत, भले आहेत. त्यांनी पाय वाकून पाहिले आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला मी काय सांगू? पाय कोरडे राहिले पाहिजेत. चिघळलं तर बोट जाईल."

ते मला माहीत होतं. बाबांना कसं सांगायचं ते माहीत नव्हतं.

मी सांगून पाहिलं. समजावून सांगितलं, ओरडून सांगितलं. एकदा तर मी चिडून म्हणाले, "बाबा, तुमचे ते याजक तरी किती वेळा धुवायचे हो?" ते शांतपणे म्हणाले, "जितक्या वेळा आत जात तितक्या वेळा." एवढं मात्र विसरले नव्हते. मायचं नाव विसरलेला माणूस याजकाचा नियम विसरत नाही, याचा मला त्या दिवशी फार राग आला.

मग मी गंगाळ उचललं आणि भाभीच्या घरी ठेवून आले. मोरीच्या दाराला कडी लावली, भाभीला सांगितलं की त्यांना लागेल तेव्हाच उघडून दे. आणि ड्यूटीवर गेले.

दुपारी भाभीचा फोन. मी ड्रेसिंग करत होते, उचलायला वेळ लागला.

"दीदी, बाबूजी सुबह से दरवाजे पे खड़े हैं. अंदर नहीं जा रहे."

"बाहेर बसव ना त्यांना."

"बैठते ही नहीं. कितना बोला मैंने. पानी भी नहीं पी रहे."

डॉक्टरांना सांगून मी निघाले. ऊन असं होतं की रस्त्यावर माणूस नव्हता. घरी पोचले तर बाबा आपल्या खोलीच्या उंबरठ्यावर चौकट धरून उभे. पाय सुजलेले, पोटऱ्या थरथरत होत्या. आत पलंग दिसत होता, अगदी हाताच्या अंतरावर. बाहेर मी ठेवलेली खुर्ची होती. मध्ये बाबा.

"बाबा, बसा."

"इथं बसत नाई."

"का नाही बसत?"

"मंडपात सगळं आहे. मेज आहे, दिवा आहे, धूप आहे. बसाले काई नाई. याजकाचं काम सरतच नाई, तं बसन कोण?"

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं होतं. प्रवचनात याच्यापुढे आणखी एक वाक्य यायचं, की शेवटी येशू हा असा याजक आला ज्याचं काम पुरं झालं आणि तो बसला. त्या वाक्यावर बाबा नेहमी आवाज खाली आणायचे, आणि ऐकणारेही जरा सैल होऊन बसायचे. त्या दुपारी मी वाट पाहिली. ते वाक्य आलं नाही. बाबांच्या डोक्यातून तेवढंच गळून गेलं होतं. उरलं होतं ते न सरणारं काम.

मी सकाळपासून बसले नव्हते. माझेही पाय दुखत होते. रडूही येत नव्हतं, इतकी मी कोरडी झाले होते. भाभी मागे उभी होती, तिला म्हटलं, "गंगाळ घेऊन ये."

तिनं आणलं. मी कोमट पाणी केलं आणि गंगाळ उंबरठ्याशी ठेवलं. चौकट सोडवून बाबांना कसंबसं खुर्चीत टेकवलं, भाभीनं खांदे धरले. ते उठायच्या आत मी फरशीवर मांडी घालून बसले आणि त्यांचा एक पाय उचलून मांडीवर घेतला.

बाबांनी पाय हिसकला. माझ्याकडे पाहिलं. आणि एकदम त्यांचा आवाज बदलला. तो प्रवचनातला आवाज होता, येशूच्या शिष्याचा, पेत्राचा. शेवटच्या जेवणाच्या वेळी येशूनं कमरेला टॉवेल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले, ती गोष्ट बाबा नेहमी नाटकासारखी सांगायचे. पेत्राला झाडीबोलीत बोलायला लावायचे, लोक खदाखदा हसायचे.

"नाई जी! तुमी माहे पाय धुसान? कदीच नाई!"

मला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं की आता पुढचं वाक्य, येशूचं, माझं आहे. मला ते पाठ होतं. एवढ्या अंगणांत बसून ऐकलेलं, पाठ कसं नसेल?

"मले नाई धुवू देल्ले," मी म्हणाले, "तं तुयं-मायं काई नातंच नाई."

बाबांचा चेहरा उजळला. "मंग निस्ते पायच काऊन? हात धुवा, डोस्कं धुवा!"

"ज्याची आंघोळ झाली त्याले पायच पुरते."

"पुरते?"

"पुरते."

आणि त्यांनी पाय ढिला सोडला. मी धुतला. बेचक्या पुसल्या, पावडर लावली, कापूस ठेवला. दुसरा पाय त्यांनी स्वतःच पुढे केला. भाभीला यातलं काही कळलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "क्या बोल रहे दोनों?"

"काही नाही. जुनं आहे," मी म्हटलं.

बाबा उठले, उंबरठा ओलांडून आत गेले आणि पलंगावर आडवे झाले. लगेच झोप लागली.

त्याच दिवसांत मला त्यांचंच आणखी एक बोलणं आठवलं. याजकाला पहिल्यांदा नेमलं तेव्हा त्याला पुरी आंघोळ मोशेनं घातली. ती एकदाच, आणि तीही दुसऱ्याच्या हातून. बाबा म्हणायचे, "पयली आंघोळ कोनाले आपल्या हातानं नाई जमत. जन्मल्यावर सुईण घालते, मेल्यावर शेजारी." मी तेव्हा हे नुसतं ऐकून सोडलं होतं. आता वाटलं, मधल्या दिवसांतही जमत नाही, बाबा. तुम्हाला कुठं जमतं आहे?

मग तोच रोजचा क्रम झाला. संध्याकाळी मी आल्यावर एकदा. दिवसा ते गंगाळाकडे गेले की भाभी सांगायची, "दीदी आके धोएगी, बाबूजी," आणि बरेचदा ते ऐकायचे. कधी ऐकत नसत, तेव्हा पुन्हा फरशी ओली, पुन्हा चिडचिड. पण चिखल्या सुकल्या. बोट वाचलं.

लोकांना सांगितलं की लोक म्हणतात, किती सुंदर. सुंदर बिंदर काही नव्हतं. रोज तेच संवाद म्हणायचे म्हणजे काय, ते म्हणणाऱ्यालाच ठाऊक. अंगात ताप असला तरी म्हणायचे. दवाखान्यात कुणाचं मूल दगावलेलं असलं, तरी घरी येऊन येशूचं वाक्य मीच म्हणायचं. एखाद्या दिवशी मी घाईत वाक्य गाळलं तर बाबा पाय वर उचलून धरायचे आणि वाट बघायचे.

एकदा दिवाळीच्या आधी, धान कापणीचे दिवस होते. विळा लागलेले, विंचू चावलेले, दिवसभर रीघ. मी घरी आले आणि दारातच पायरीवर बसले. बूट-मोजे काढायचंही त्राण नव्हतं. डोकं भिंतीला टेकलं. आतून बाबांची चाहूल आली. बघते तर हातात पाण्यानं भरलेला मग. मी काही म्हणायच्या आत त्यांनी तो माझ्या पायांवर ओतला. बुटांसकट, मोज्यांसकट. गार पाणी बुटात शिरलं.

"बाबा!" मी ओरडले. "हे काय केलं? बूट आहेत!"

"होऊ दे वो," ते म्हणाले. "जा आता आत."

त्यांनी मला ओळखलं होतं का, सांगता येत नाही. कदाचित दारात आलेली कुणी चर्चच्या मंडळीतली बाई समजले असतील. मी ओले बूट ओढून काढले, मोजे पिळले आणि आत जाऊन त्यांच्याच पलंगावर पडले. ते खुर्चीत बसले. हो, बसले. मी झोपले, चांगली गाढ. उठले तेव्हा अंधारून आलं होतं, चूल पेटली नव्हती आणि बूट पुढे दोन-चार दिवस दमट वास मारत होते.

त्या हिवाळ्यात बाबा मोरीत घसरले. खुब्याचं हाड मोडलं आणि मग ते उठले नाहीत. अंथरुणाला खिळल्यावर पाय धुण्याचा प्रश्नच मिटला, कारण पाय कुठे जात नव्हते. संवादही बंद झाले. मी एकदा मुद्दाम म्हणून पाहिला, पेत्राचं वाक्य मीच म्हटलं. त्यांनी डोळे उघडले आणि मिटले. खरं सांगते, मला थोडं हलकंही वाटलं.

ते गेले सकाळच्या वेळी. भाभी दूध घेऊन आली तेव्हा मी त्यांच्या तोंडाला फडकं बांधत होते. मंडळीतली माणसं गावोगावची, यायला दुपार होणार. आंघोळ मीच घालायचं ठरवलं. दवाखान्यात कितीतरी शरीरं मी स्वच्छ केलेली आहेत, हात आपोआप चालतात. पण पाणी आणून देणारं, कूस बदलायला धरणारं कुणीतरी लागतं. मी भाभीला सांगणार नव्हते. तिच्याकडे मेलेल्याला असं सहज शिवत नाहीत, आणि आम्ही तर तिच्या घरचे ना जातीचे ना देवाचे.

ती बाहेर गेली. मला वाटलं घरी गेली. थोड्या वेळानं ती पाण्याची बादली घेऊन आली, पदर खोचलेला.

"भाभी, तू राहू दे."

"अकेले कैसे करोगी?" ती म्हणाली. "बताओ, किधर से पकडूँ?"

आम्ही दोघींनी मिळून त्यांना आंघोळ घातली. ती पाणी घालत होती, मी पुसत होते. पायांपाशी आल्यावर मात्र तिनं माझ्या हातातून फडकं घेतलं आणि बेचक्या नीट पुसल्या, मी पुसायचे तशा.

दुपारी लोक आले, प्रार्थना झाली, संध्याकाळच्या आत माती दिली. सगळे आपापल्या गाड्यांनी गेले. मी एकटीच घरात. फरशी पुसायची होती, अंथरुणं काढायची होती. काहीच सुरू केलं नाही.

भाभी आली. डोक्यावरून आंघोळ केलेली, केस मोकळे, ओले. तिच्या रीतीप्रमाणे तिनं ती केली होती, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. हातात झाकलेलं ताट. भात, आणि वरून तुरीचं पातळ वरण.

"खा लो, दीदी. फिर सो जाना."

ती समोर खाली बसली. तिच्या केसांतून पाणी माझ्या फरशीवर टपकत होतं. मी पहिला घास घेतला. भात गरम होता.